दुरावलेल्यांसाठी

ही गोष्ट उंदरांपासून सुरू होते, हसू नका. चर्चच्या पेटीत वर्षभर जपून ठेवलेल्या दोन डझन मेणबत्त्या, आणि ओतिलियानं ऐन नवव्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर आत नुसत्या वाती. मेण सगळं फस्त. आमच्या चाउल्केन बेटावर उंदरांनाही पोटभर मिळत नाही, दुसरं काय म्हणायचं!

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्याकडे मृतांचा सण. तो शेवटचा धरून नऊ दिवस रोज संध्याकाळी चर्चमध्ये रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि नवव्या दिवशी बाकाबाकावर मेणबत्त्या. फादर वर्षातून दोनदा बोटीनं येणार, तेही समुद्राच्या मर्जीनं. एरवी चर्चची किल्ली, घंटेची दोरी आणि प्रार्थना, तिन्ही ओतिलियाच्या हातात. तिच्या आधी तिच्या सासूच्या हातात होती. नऊ दिवसांतला एक दिवस जरी बुडाला तरी आधीचे सगळे पाण्यात गेले, असं सासूनं तिला बजावून ठेवलेलं. ओतिलियानं चौदा वर्षांत एकही दिवस बुडू दिला नव्हता. नवरा आबेलार्दो समुद्रात गेला त्या वर्षीसुद्धा नाही.

तर त्या सकाळी तिनं मुलाला उठवलं.

"नेरेओ, ऊठ. कास्त्रोच्या बाजारातून मेणबत्त्या घेऊन ये. दुपारपर्यंत परत."

नेरेओनं पांघरुणातूनच खिडकीकडे पाहिलं. "आई, आभाळ बघितलंस का?"

"आभाळ रोज तसंच असतं. तुला जायचा कंटाळा, हे सांग ना सरळ."

"नसल्या मेणबत्त्या एका वर्षी, तर मेलेले काय रुसून बसणार आहेत?"

"तो शब्द काढू नकोस आज!" ओतिलियानं चमचा उगारला.

तो शब्द आमच्याकडे चर्चमध्ये चालत नाही, सणाच्या दिवशी घरातही नाही. बेटावरची निम्मी माणसं समुद्रानं नेली, आणि समुद्र काही देह परत आणून देत नाही. देह पाहिल्याशिवाय कुठली बायको नवऱ्याला 'मेला' म्हणेल? म्हणून फार पूर्वी बायकांनी हट्ट धरला, की प्रार्थनेत 'मृत' म्हणायचं नाही, 'दुरावलेला' म्हणायचं. तेव्हापासून रोझरी संपली की ज्याचं त्यानं बाकावरून आपापल्या माणसाचं नाव घ्यायचं, "आमच्यापासून दुरावलेल्या अमक्यासाठी," आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "प्रभो, तुझ्या हाती सांभाळ." एकदा एका म्हातारीनं घोटाळ्यात शेजाऱ्याचं नाव घेतलं. शेजारी तिथंच दोन बाकं मागं बसलेला, धडधाकट. तो पुढं दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही.

नेरेओ कुरकुरत उठला, आईच्या हातचा मिल्काओ, बटाट्याची जाड भाकरी, तोंडात कोंबला, बायकोच्या, योलांदाच्या, डोक्यावर टपली मारली आणि बोट घेऊन गेला. ओतिलिया दारात उभी राहून त्याला मेणबत्त्यांची जाडी ओरडून सांगत राहिली.

अकराच्या सुमारास उत्तरेचा वारा सुटला.

उत्तरेचा वारा म्हणजे काय ते आमच्या बायकांना सांगावं लागत नाही. दोन वाजले, बोट नाही. चार वाजले. रेडिओवर कास्त्रोच्या धक्क्यावरून कळलं की चाउल्केनचा पोरगा दहालाच निघाला, थांब म्हटलं तर म्हणाला आईला मेणबत्त्या पोचवायच्यात. दोन बोटी शोधायला बाहेर पडल्या आणि अर्ध्या तासात पाणी उपसत परत आल्या. समोर हातभरावरचं दिसत नव्हतं. सगळं बेट किनाऱ्यावर जमलं. पावसात जाळ धरेना, तरी माणसं डिझेल ओतून ओतून लाकडं पेटवत होती, निदान उजेड तरी त्याला दिसावा म्हणून.

सहा वाजता ओतिलियानं शाल डोक्यावर घेतली आणि चढणीकडे वळली.

"कुठं निघालीस?" एर्सिरानं तिचा हात धरला. एर्सिरा म्हणजे नेरेओची धर्ममाता, तिनंच त्याला बाप्तिस्म्याला हातात धरलेलं. त्या नात्यानं दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत आणि त्याच नात्यानं रोज भांडत.

"घंटा वाजवायची वेळ झाली."

"कोमाद्रे, डोकं फिरलंय का तुझं? कोण येणारंय आज? राहू दे एक दिवस. देवाला डोळे आहेत."

"नववा दिवस आहे."

"अगं, तुझा मुलगा तिकडं…"

"म्हणूनच," ओतिलिया म्हणाली. "मीच पाठवलाय त्याला. मीच. आता हाही दिवस बुडवू?"

एर्सिरानं आपली जाड शाल ओतिलियाच्या खांद्यावर टाकली. ओतिलियानं ती परत तिच्या अंगावर टाकली, तिनं पुन्हा हिच्या. शेवटी ओतिलिया ती तशीच ओढत चढण चढली.

आमचं चर्च लाकडाचं. भिंती लाकडाच्या, खिळे लाकडाचे, छपरावर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्या. वाऱ्यात ते करकरतं, जुनी बोट करकरते तसं. आत शिरलं की ओल्या लाकडाचा आणि गेल्या कित्येक वर्षांच्या मेणाचा वास येतो. ओतिलियानं दार ओढून घेतलं, घंटेचे नऊ टोले दिले, आणि घरून शालीखाली आणलेलं मेणबत्तीचं एक बोटभर थोटूक पेटवून वेदीच्या पायरीवर ठेवलं. बाहेर अजून उजेड होता म्हणायचा. आत मात्र त्या थोटकाच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

ती तिच्या जागी गुडघ्यावर बसली. प्रार्थना सांगणारीनं वेदीकडे तोंड करायचं आणि शेवटचं आमेन होईस्तोवर मागं वळायचं नाही. हेही सासूनंच शिकवलेलं.

"नमो मारिये, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे…"

सांगणारीनं प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, उरलेला बाकांवरच्या लोकांनी. चौदा वर्षांची सवय ती. ओतिलिया आपला अर्धा भाग म्हणून थांबली, आणि थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की आज पुढचं म्हणायला कुणी नाही. तिनं तोंड उघडलं…

"पवित्र मारिये, देवाच्या माते…" मागून उत्तर आलं.

हळू, एकत्र, झोपेतून उठल्यासारखं. पाच-सहा जण असावेत. ओतिलियाला बरं वाटलं. आल्या वाटतं वरच्या आळीतल्या बायका, तिच्या मनात आलं, मागच्या दारानं आल्या असतील. तिनं दुसरा मणी पुढं सरकवला. पुन्हा उत्तर आलं. या वेळी आवाज जास्त होते, पुरुषांचेही. पुरुष तर सगळे किनाऱ्यावर होते.

तिसऱ्या मण्याला तिनं नीट कान दिला.

"पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता…" आणि तिथं सगळे आवाज एकदम थांबले. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला. मग पुन्हा, "विनंती कर. आमेन."

मधले शब्द गेले होते. 'आणि आमच्या मरणाच्या वेळी.' ते कुणी म्हटलंच नाही.

चौथ्या मण्याला तेच. पाचव्याला तेच. 'आता' म्हणायचे आणि गप्प व्हायचे, जितका वेळ ते शब्द म्हणायला लागतो तितकाच वेळ, आणि मग पुढे. ती वेळ ज्यांची होऊन गेली आहे त्यांनी ती कशाला मागावी?

आणि तेवढ्यात सगळ्यांचं आमेन म्हणून झाल्यावर एकट्यानंच मागून म्हटलेलं एक उशिराचं "आमेन" तिच्या कानावर पडलं.

आबेलार्दो. जन्मभर तो सगळ्यांच्या मागं एक आमेन म्हणायचा, आणि ती घरी येऊन त्याच्यावर चिडायची. अकरा वर्षं झाली होती तो आवाज ऐकून.

वळून बघावं असं वाटलं का तिला? वाटलं तर. मान अर्धी वळलीही होती. पण त्याच क्षणी एक दुसरा विचार आला आणि त्यापुढं भुताखेतांची भीती कुठल्या कुठं पळाली.

या आवाजांत नेरेओचा आवाज असला तर?

मग तिनं जी रोझरी सांगितली तशी आयुष्यात सांगितली नव्हती. तोंडानं आपला अर्धा भाग म्हणायचा आणि उरलेल्या अर्ध्यात एकेक आवाज ओळखायचा, गव्हातून खडे निवडावेत तसा. हा आबेलार्दो. ही सासू, दात नसल्यानं फसफसणारी. हे शाळेचे जुने मास्तर, एकेक अक्षर तोडून म्हणणारे. ही एर्सिराची आई, नाकातून. नेरेओचा आवाज घोगरा, दहा जणांत वेगळा ओळखू येणारा. दहा मण्यांचं पहिलं दशक संपलं, नाही. दुसरं संपलं, नाही. बाकं भरत चालली होती. लाकूड वाकल्याचे आवाज येत होते, कुणी तरी खोकत होतं, ओल्या लोकरीचा आणि समुद्राच्या शेवाळाचा वास पुढंपर्यंत यायला लागला होता. नवा आवाज मिसळला की तिचा श्वास अडकायचा. कुणाचा आहे… कुणाचा आहे हा… नाही. त्याचा नाही.

"देवा, त्याला इथं आणू नकोस," ती दोन प्रार्थनांच्या मध्ये पुटपुटत होती. "सगळ्यांना आण. त्याला नको."

पाचवं दशक संपलं. घोगरा आवाज आला नव्हता. ओतिलियाच्या जिवात थोडा जीव आला.

आता नावं.

पहिलं नाव सांगणारीनं घ्यायचं. ती दर वर्षी एकच घेई. "आमच्यापासून दुरावलेल्या आबेलार्दोसाठी," ती म्हणाली.

कुणी उत्तर दिलं नाही.

नुसता पाऊस. एवढी भरलेली बाकं आणि एकानंही 'सांभाळ' म्हटलं नाही. जसं काही तिनं भलतंच बोलून टाकलं होतं. मागं कुणीतरी अवघडून जागच्या जागी हललं. आणि मग, अगदी तिच्या पाठीशी, पहिल्या बाकावरून आबेलार्दोचा आवाज आला, जड, हळवा.

"आमच्यापासून दुरावलेल्या नेरेओसाठी…"

"प्रभो, तुझ्या हाती सांभाळ," सगळं चर्च म्हणालं.

ओतिलिया पुढं कोसळली. कपाळ पायरीवर आपटलं. बापानं मुलाचं नाव घेतलं होतं, त्या यादीत, जिच्यात जिवंत माणसाचं नाव कुणी घेत नाही. तिनं मेणबत्त्यांसाठी पाठवलेला मुलगा. पहिलटकरणीसारखी ती पोटाशी हात धरून कण्हत राहिली. संपलं, तिच्या मनात आलं, सगळं संपलं, आता किनाऱ्यावर जाऊन योलांदाला कोणत्या तोंडानं सांगू?

मागं नावं चालूच होती.

"दुरावलेल्या एर्सिरासाठी," एर्सिराची आई नाकातून म्हणाली.

"तुझ्या हाती सांभाळ."

"दुरावलेल्या त्रान्सितोसाठी." हे मास्तर. त्रान्सितो त्यांचा भाऊ.

ओतिलियाचं कण्हणं थांबलं.

एर्सिरा? तिच्याशी तर तासाभरापूर्वी शालीवरून ओढाताण झाली होती. आणि म्हातारा त्रान्सितो किनाऱ्यावर जाळात डिझेल ओतत होता, स्वतःच्या मिशा जाळून घेत. एका तासात सगळं बेट बुडालं की काय? नावं येतच राहिली, या बाकावरून, त्या बाकावरून. सुताराची बायको. शाळेतली पोरं, एकेकाचं नाव. योलांदा. सगळी माणसं तिनं आज सकाळपासून डोळ्यांनी पाहिलेली.

मग पुन्हा पहिल्या बाकावरून, आणि या वेळी आवाजात ती जुनी चेष्टा होती, तिला चिडवताना असायची ती.

"आमच्यापासून दुरावलेल्या ओतीसाठी."

ओती तिला जगात फक्त एकच माणूस म्हणायचा.

"प्रभो, तुझ्या हाती सांभाळ."

थोटकाचं गरम मेण ओघळून तिच्या पायरीवर टेकलेल्या बोटांवर आलं. चटका बसला. तिनं हात झटकला, बोट तोंडात घातलं, आणि तशीच बसून राहिली. चटका बसतोय. म्हणजे मी आहे. मी जिवंत आहे आणि यांनी माझं नाव घेतलं. एर्सिराचं घेतलं, योलांदाचं घेतलं. आबेलार्दोचं मी घेतलं तर एकानं उत्तर दिलं नाही, कारण तो कुठं दुरावलाय त्यांच्यापासून? तो तर त्यांच्या शेजारीच बसलाय.

अगं बाई! दुरावलेलो तर आपण.

इतकी वर्षं तो शब्द ती म्हणत आली होती आणि त्याला दुसरी बाजूही असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. आपण इकडं त्यांची नावं घेतो, ते तिकडं आपली घेतात. आणि नेरेओचं नाव घेतलं. बापानं घेतलं, सगळ्यांत आधी घेतलं. म्हणजे तो त्यांच्यात नाही. म्हणजे तो इकडंच आहे!

ओतिलियाला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. तोंडात शालीचा बोळा कोंबून ती पायरीवर हलत राहिली. चांगली पन्नाशी उलटलेली बाई, लहान मुलीसारखी नाक ओढत होती. भीती म्हणून उरली नव्हती. घ्या बाबांनो, घ्या नावं, एकही गाळू नका!

ती हळूहळू थांबली. शेवटचं नाव तेवढं राहिलं होतं. ते अगदी मागच्या बाकावरून आलं, बाईचा आवाज, ओतिलियाच्या ओळखीचा नव्हता.

"आमच्यापासून दुरावलेल्या दोमितिलासाठी…"

दोमितिला नावाचं बेटावर कुणी नव्हतं. उत्तर झालं आणि त्यापाठोपाठ ती बाई रडायला लागली. जुन्या दुःखाचं रडणं वेगळं असतं, ते आमच्या बेटावर सगळ्यांना ओळखता येतं. हे ताजं होतं. तिसऱ्या दिवशी रडतात तसं, धाय मोकलून. दुसऱ्या बायका तिला 'उगी, उगी' करत होत्या.

ओतिलियानं घाईघाईनं क्रूसाची खूण केली. "आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. मग एकट्याचं उशिराचं, "…आमेन."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. थोटूक विझलं. "कोमाद्रे!" एर्सिरा ओरडत होती, ओलीचिंब, एका पायात बूट नाही. "कोमाद्रे, आली गं! बोट आली! आला तुझा मुलगा!"

"माहितीये," ओतिलिया म्हणाली आणि उठून तिच्याकडे गेली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून तिथंच मधल्या वाटेत बसल्या. बाकं रिकामी होती. तशी ती असणारच.

नेरेओ किनाऱ्यावर घोंगडीत गुंडाळलेला उभा होता, दातावर दात वाजत होते. ओतिलियानं आधी त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली, मग त्याला असा आवळला की तो म्हणाला, "आई, समुद्रानं सोडलं, तू मारतेस काय?" सगळा किनारा हसला. एवढा मोठ्यानं हसला की जाळाच्या पलीकडची कुत्री भुंकायला लागली.

रात्री घरात चूल रसरसली होती. शिंपल्यांच्या रश्श्याची तिसरी वाटी नेरेओ ओरपत होता आणि सांगत होता. इंजिनात पाणी गेलं, लाटा वर यायला लागल्या, तेव्हा त्यानं एका खडकाच्या आडोशाला नांगर टाकला आणि वारा पडायची वाट पाहत बसून राहिला. सहा-सात तास. मग वल्ही मारत आला. चमत्कार वगैरे काही नाही, असं त्यानं आवर्जून सांगितलं. मेणबत्त्या पोटाशी धरून आणल्या होत्या. सगळ्या वाकड्या झाल्या होत्या.

"घे तुझ्या मेणबत्त्या," तो म्हणाला. "आता आहेत का कुणी रुसलेले?"

"कुणी नाही रुसलेलं," ओतिलिया म्हणाली. "सगळे आले होते." तिला वाटलं तो विचारील. पण तो वाटीतच पाहत होता.

भांडी घासताना योलांदा तिच्याजवळ येऊन उभी राहिली. दिवसभर त्या पोरीनं तोंडातून शब्द काढला नव्हता. आता हातातलं फडकं पिळत म्हणाली, "आई, दोन महिने झाले. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यालासुद्धा आज सांगणार होते, तर हा मेणबत्त्या आणायला…" ओतिलियानं ओल्या हातांनीच तिचं तोंड कुरवाळलं. त्या रात्री आमच्या बेटावर ओतिलियाइतकं गाढ कुणी झोपलं नसेल.

तिनं चर्चमधलं कुणाला सांगितलं नाही. एर्सिरालाही नाही. सांगण्यासारखं काय होतं? मुलगा घरी होता, सुनेला दिवस गेले होते, देवाचं आणि पुढं गेलेल्यांचं लक्ष होतं आपल्यावर. बटाटे काढताना मध्येच थांबून ती स्वतःशी हसायची. म्हातारा त्रान्सितो म्हणाला, "ओतिलियाबाई, या वयात प्रेमात पडलात की काय?" ती म्हणाली, "पडले असेन! तुमच्या जळक्या मिशांत नक्कीच नाही."

मग एप्रिलात एके दिवशी योलांदा लोकर विणता विणता सहज म्हणाली, "मुलगी झाली तर दोमितिला ठेवायचं."

"दोमितिला?" नेरेओ ओरडला. "शंभर वर्षांच्या म्हातारीचं नाव ते! शाळेत मुलं जगू देतील का तिला?"

"कानात बसलंय," योलांदा म्हणाली. "कुठून ते आठवत नाही."

ओतिलियाच्या हातातली सुई खाली पडली. ती वाकून शोधत राहिली, बराच वेळ, खाली तोंड घालून.

जूनमध्ये मुलगी झाली. गोरीपान, गुबगुबीत, जन्मल्या जन्मल्या बेटभर ऐकू जाईल अशी रडली. दोमितिला. सगळे तिला दोमी म्हणतात, आणि आजीनं तिला खाली म्हणून ठेवलं नाही. आजीला नाव घेताना फक्त कधी कधी चर्चमधलं ते रडणं आठवायचं. आपल्याकडे जी आली ती कुणाकडून तरी गेली, एवढं तिला कळलं होतं. ती बाई कोण, हे कुणाला विचारणार? त्या बाईसाठी तिला वाईट वाटायचं, आईचं आईला वाटतं तसं. आणि मग लगेच ती दोमीला घट्ट धरायची.

पुन्हा सणाचे नऊ दिवस आले. नवव्या दिवशी चर्च जवळजवळ भरलं होतं, वारा नव्हता, बाकाबाकावर सरळ, नव्याकोऱ्या मेणबत्त्या. प्रार्थना यंदा एर्सिरा सांगत होती. गुडघे दुखतात, असं ओतिलियानं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण असं की यंदा वेदीकडे तोंड करून, दोमीकडे पाठ करून बसायची तिची छाती झाली नाही. ती मधल्या एका बाकावर भिंतीशी बसली, शेजारी योलांदा, योलांदाच्या खांद्यावर मागं तोंड करून दोमी. त्यांच्या पलीकडं बाक संपून मधली वाट.

रोझरी झाली. नावं सुरू झाली. "दुरावलेल्या आबेलार्दोसाठी," ओतिलिया म्हणाली आणि सगळ्यांनी "सांभाळ" म्हटलं, मोठ्यानं, माणसांच्या आवाजात. तिला हायसं वाटलं.

नावं चालू असताना दोमीनं मान उचलली. अगदी मागच्या बाकाकडे पाहून तिनं दोन्ही हात पुढं केले आणि झेप घेतली, पाळण्यातली मुलं आईला पाहून घेतात तशी. ते बाक रिकामं होतं. योलांदानं तिला न बघताच सावरलं.

ओतिलियानं दोमीचं पाऊल पकडलं. गरम, मऊ पाऊल. मुलीची नजर मागच्या बाकावरून निघाली, मधल्या वाटेनं हळूहळू पुढं आली, चालणाऱ्या माणसाच्या गतीनं, आणि त्यांच्याच बाकापाशी येऊन थांबली. मग दोमी खुदकन हसली.

योलांदाचं लक्ष प्रार्थनेत होतं. मान न वळवता ती ओतिलियाच्या बाजूला जरा सरकली आणि कडेला एका माणसापुरती जागा करून दिली.